सलोखा मिरवणुकीपुरता नसावा



गणेशोत्सव जवळ आला की पुण्यातील पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका भरू लागतात. मंडळांचे अध्यक्ष येतात, मशिदींचे विश्वस्त येतात, दोन-चार प्रतिष्ठित व्यापारी येतात. अधिकारी सूचना वाचून दाखवतात, सर्वधर्मसमभावावर एखादे भाषण होते, चहा होतो आणि सभा संपते. उत्सव निर्विघ्न पार पडला तर समितीचे आभार मानले जातात आणि पुढील उत्सवापर्यंत तिचे विस्मरण होते. या बैठकांची टिंगल करण्याचे कारण नाही. त्यांनी काही प्रसंग निश्चितच टाळले असतील. परंतु ज्या समितीची आठवण केवळ बंदोबस्ताच्या वेळी होते, ती शांततेची समिती नसून बंदोबस्ताचाच एक भाग असते, हेही तितकेच खरे आहे.

शांतता आणि सहजीवन यांच्या धोरणात संस्कृतीचे स्थान कोणते, या प्रश्नाला सामान्यतः दोन सोपी उत्तरे दिली जातात. संस्कृती माणसांना जोडते, तेव्हा एकत्र सण साजरे करावेत, कव्वाली आणि कीर्तन एका मंचावर आणावे, हे पहिले उत्तर. संस्कृती माणसांना तोडते, तेव्हा धर्म घरात ठेवावा आणि रस्त्यावर केवळ नागरिक म्हणून यावे, हे दुसरे. पहिले उत्तर भाबडे आहे, दुसरे कोरडे आहे. पुण्याच्या इतिहासाकडे डोळसपणे पाहिले तर दोन्ही अपुरी ठरतात.

पुण्याच्या मानाच्या पाच गणपतींपैकी तिसरा मान गुरुजी तालमीचा. या गणपतीची स्थापना १८८७ साली, म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सवाची चळवळ सुरू होण्याच्याही आधी, भिकू शिंदे आणि उस्ताद नालबंद यांच्या घराण्यांनी मिळून केली, अशी या मंडळाची परंपरा आहे. एक घराणे हिंदू, दुसरे मुसलमान. दोघांना जोडणारा दुवा तालमीचा. आखाड्यातील माती अंगाला लावताना कोणी कोणाचा धर्म विचारीत नसे, आणि तालमीत गणपती बसवताना तो विचारण्याचे कारण कोणाला वाटले नाही. याच काळात पुण्याच्या मोहरमात हिंदूंचा मोठा सहभाग असे. कितीतरी हिंदू घरांतून नवस बोलले जात, ताबूत बसवले जात, मिरवणुकीत वाद्ये वाजवणारे आणि नाचणारे हिंदू असत. हे सर्व कोणा सुधारकाच्या उपदेशाने घडले नव्हते. पेठेतील एकत्र जगण्यातून ते उगवले होते.

आणि तरीही ते एका वर्षात मोडले. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत भीषण दंगल झाली. तिचे पडसाद पुण्यात उमटले. सार्वजनिक गणेशोत्सवाला याच सुमारास वेग आला आणि १८९४ च्या मोहरमाकडे पुण्यातील बहुसंख्य हिंदूंनी पाठ फिरवली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपाशी मेळ्याच्या वाद्यांवरून हाणामारी झाली. मशिदीपुढे वाद्ये वाजवण्याचा प्रश्न सरकारी परवान्यांच्या आणि मनाईहुकुमांच्या कचाट्यात सापडला आणि परकीय सत्तेला दोन्ही समाजांमध्ये पंच होऊन बसण्याची आयती संधी मिळाली. विशेष म्हणजे नव्या उत्सवातील मेळे, टोळ्या, मिरवणूक आणि शेवटचे विसर्जन यांचा साचा पुष्कळसा मोहरमाच्या ओळखीच्या साच्याशी जुळणारा होता. रूप जवळजवळ तेच राहिले, पण सोबत चालणारी माणसे वेगळी झाली.

या घटनेचा दोष एका व्यक्तीवर किंवा एका उत्सवावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याच गणेशोत्सवाने पारतंत्र्यात लोकांना एकत्र येण्याची जागा दिली, भीती घालवली, राजकीय शिक्षण दिले. ज्या लोकमान्यांनी या उत्सवाला बळ दिले, त्यांनीच १९१६ साली लखनौ करारासाठी आपले वजन खर्च केले. याचा अर्थ एवढाच की सांस्कृतिक रूपाला स्वतःची अशी ठरलेली दिशा नसते. मिरवणूक कोठे जाईल हे मिरवणूक ठरवीत नाही. ती हाकणारी संघटना, तिच्यामागचा विचार आणि त्या काळातील सत्तेचे हितसंबंध ते ठरवतात. मोहरमातील हिंदूंचा सहभाग सुंदर होता, पण त्याच्या पाठीशी कोणतीही संघटना नव्हती. संकट आले तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहून बोलणारा कोणी नव्हता. नुसत्या सवयीवर उभा असलेला सलोखा पहिल्या वादळात कोसळतो, हा पुण्याचा १८९४ चा धडा आहे.

हाच धडा मिरजेने एकविसाव्या शतकात पुन्हा दिला. मिरज हे हिंदुस्थानी संगीताचे एक मोठे पीठ. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांचा दफनविधी १९३७ साली येथेच झाला. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत सभा भरते आणि गायक-वादक तेथे हजेरी लावण्यात धन्यता मानतात. सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या मुसलमान कारागिरांची घराणी याच गावातली. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व. आणि त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून पुण्यात जो महोत्सव उभा केला, तो आज पुणेकरांच्या अभिमानाचा विषय आहे. पुणे आणि मिरज यांना जोडणारा हा स्वरांचा धागा इतका घट्ट की त्यात हिंदू किती आणि मुसलमान किती याची वाटणी कोणालाही करता येणार नाही.

आणि याच मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवाच्या काळात अफझलखान वधाचे चित्र असलेल्या कमानीवरून दंगल पेटली. संचारबंदी लागली, लोण आजूबाजूच्या शहरांत पसरले. १६५९ सालचा एक राजकीय संघर्ष साडेतीनशे वर्षांनंतर दोन शेजाऱ्यांमधील वैराचे निमित्त म्हणून वापरला गेला, आणि त्याच गावातला दर्गा, त्यातली संगीत सभा, तंबोऱ्यांची दुकाने यांपैकी काहीही दगड थांबवू शकले नाही. असे का व्हावे? कारण दर्ग्यातील संगीत सभेला बसणारा श्रोता आणि कमानीखाली उभा असलेला बेकार तरुण यांची भेटच होत नव्हती. संगीताचा वारसा हा मिरजेचा अभिमान होता, पण मिरजेची जबाबदारी झालेला नव्हता. थोर कलावंतांच्या नावाने टाळ्या वाजवणे आणि शेजारच्या गल्लीतील तंटा मिटवणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्याने दुसरे आपोआप साधते, हा सुशिक्षितांचा गोड गैरसमज आहे.

मग टिकते काय? याचे उत्तर महाराष्ट्रातच, एका यंत्रमागाच्या गावात सापडते. भिवंडीने मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भयंकर दंगल पाहिली; न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये ते गाव पुन्हा जळाले. अशा गावात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांचे वैशिष्ट्य असे की त्यांत केवळ पुढारी नव्हते. त्या त्या वस्तीतील दोन्ही समाजांची साधी माणसे होती आणि त्या सणापुरत्या भरत नव्हत्या. शेजाऱ्यांची भांडणे, छोट्या-मोठ्या तक्रारी, पोलिसांविषयीचा राग, असे रोजचेच प्रश्न त्यांच्यापुढे येत. माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना, दंगलीचे गाव म्हणून बदनाम झालेली भिवंडी शांत राहिली. मुंबईनेही आपल्या विध्वंसानंतर मोहल्ला समित्यांची वाट धरली, परंतु तेव्हा सुमारे नऊशे माणसे प्राणांस मुकलेली होती.

आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील काही शहरांच्या जोड्या घेऊन केलेला अभ्यास २००२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याचे सार भिवंडीच्या अनुभवाशी जुळते. शेजारी एकमेकांकडे सणाला जातात, मुले एकत्र खेळतात, हे चांगलेच; पण मोठ्या शहरात तेवढे पुरत नाही. जेथे कामगार संघटना, व्यापाऱ्यांचे संघ, वाचनालये, पक्ष आणि क्लब यांत दोन्ही समाजांची माणसे एकत्र काम करतात, तेथे अफवेला उत्तर देणारी यंत्रणा आधीच उभी असते. उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरातही हेच दिसले. सतराव्या शतकातील वेढ्याच्या स्मरणार्थ प्रोटेस्टंटांची मिरवणूक निघे आणि कॅथलिक वस्तीत तिच्याकडे अपमान म्हणून पाहिले जाई. मिरवणुकांच्या मार्गांविषयी निवाडा करणारा आयोग १९९८ च्या कायद्याने आला, तो आवश्यकच होता. पण मिरवणूक काढणारे आणि वस्तीतील रहिवासी वाटाघाटीला बसू लागले तेव्हाच तणाव खऱ्या अर्थाने उतरू लागला. मिरवणूक बंद झाली नाही. तिने शेजाऱ्याची दखल घ्यायला सुरुवात केली.

सहजीवनाच्या या विचारात पुण्याचे स्वतःचे असे एक भांडवल आहे आणि ते समाजवादी चळवळीला परके नाही. ऑक्टोबर १९२९ मध्ये पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्यांनी सत्याग्रह केला. पां. ना. राजभोज त्याच्या अग्रभागी होते आणि तरुण एस. एम. जोशी त्यात सामील झाले होते. सत्याग्रहींवर दगड पडले, ते धर्माच्याच नावाने. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले, राम नगरकर यांच्यासारख्या कलावंतांच्या बळावर तमाशा, पोवाडा आणि लोकगीत यांतून समतेचा विचार खेडोपाडी नेला. २२ मार्च १९७० रोजी हमीद दलवाई यांनी पुण्यातच मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले आणि स्वतःच्या समाजातील स्त्रीच्या हक्कांचा प्रश्न विचारण्याचे धैर्य दाखवले. बाबा आढाव यांनी १९७२ च्या दुष्काळात ‘एक गाव एक पाणवठा’ची हाक दिली आणि पुण्याच्या हमालांना, ते कोणत्याही जातीचे वा धर्माचे असोत, एका पंचायतीत आणले.

या सर्व प्रयत्नांना जोडणारे सूत्र असे की त्यांनी संस्कृतीकडे सजावट म्हणून पाहिले नाही. मंदिर, पाणवठा, तमाशाचा फड, विवाहाचा कायदा, पाठीवरचे ओझे, हे सारे संस्कृतीचेच प्रदेश होते आणि तेथे समतेचा प्रश्न उपस्थित करणे हेच त्यांचे सांस्कृतिक कार्य होते. समतेवाचून लाभणारे सहजीवन म्हणजे दुर्बळाने पाळलेले मौन असते. गावकुसाबाहेरची माणसे शतकानुशतके गप्प होती, म्हणून गावात सलोखा होता असे कोणी म्हणणार नाही.

परंतु या वारशाचा उल्लेख करताना चळवळीने स्वतःचाही हिशेब मांडला पाहिजे. कलापथके विरळ झाली. गणेश मंडळ, तालीम, दहीहंडी, शिवजयंतीची समिती ही ठिकाणे प्रतिगामी म्हणून पुरोगाम्यांनी सोडून दिली आणि तेथील तरुण दुसऱ्यांच्या हाती गेले. पेठेतल्या मुलाला संध्याकाळी जाण्यासाठी जागा हवी होती, ढोल वाजवण्यासाठी हात शिवशिवत होते, आपण कोणीतरी आहोत असे वाटायला हवे होते. ज्याने त्याला ती जागा दिली, त्याने त्याला शत्रूही दिला. परिसंवादात धर्मनिरपेक्षतेची व्याख्या अचूक होत गेली आणि गल्लीत तिला ओळखणारे कोणी उरले नाही.

त्याची किंमत पुण्याने २ जून २०१४ रोजी मोजली. समाजमाध्यमांवर महापुरुषांची विटंबना करणारा मजकूर कोणीतरी पसरवला होता. त्या मजकुराशी काहीही संबंध नसलेला, संगणक क्षेत्रात नोकरी करणारा एक मुसलमान तरुण हडपसरमध्ये नमाजाहून परतत असताना जमावाच्या मारहाणीत मरण पावला. त्याची दाढी आणि टोपी हाच त्याचा अपराध ठरला. २०२३ साली न्यायालयाने या खटल्यातील आरोपींची निर्दोष मुक्तता केली. म्हणजे खून झाला, पण तो कोणी केला हे कायद्याच्या दृष्टीने सिद्ध झाले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरात आणि सप्टेंबरमध्ये साताऱ्याच्या पुसेसावळीत मोबाईलवरील मजकुराचेच निमित्त झाले; पुसेसावळीत आणखी एक माणूस मारला गेला. १८९४ मध्ये अफवेला पेठेतून पेठेत चालत जावे लागे. आज ती एका क्षणात हजार खिशांत पोहोचते. तिच्यामागून धावणारा खरा शब्द मात्र अजूनही पायीच निघतो, आणि तो घेऊन जाणारा माणूस वस्तीत नसेल तर निघतच नाही.

त्याच २०२३ साली दुसरीही एक घटना घडली. २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. पुण्यासह राज्यातील अनेक शहरांत मुस्लिम संघटनांनी आपले जुलूस पुढे ढकलले आणि विसर्जन मिरवणुकीला वाट मोकळी करून दिली. पुढील वर्षांतही दोन्ही सण लागोपाठ आले आणि असाच समजूतदारपणा दिसला. सांगली जिल्ह्यातील गोटखिंडी येथे तर कित्येक वर्षांपासून गावचा गणपती मशिदीत बसतो. ही उदाहरणे मनाला उभारी देणारी आहेत. पण त्यांचे कौतुक करताना एक प्रश्न टाळता येत नाही. दर वेळी तारीख बदलायची कोणी? संख्येने थोडे असलेल्यांचे औदार्य गृहीत धरले जाते आणि संख्येने अधिक असलेल्यांनी मशिदीपुढे मिनिटभर ढोल थांबवला तर त्याची बातमी होते. देवाणघेवाणीत एकाच्या हाती नेहमी देणे येत असेल, तर त्या व्यवहाराला सलोखा हे नाव फार दिवस शोभणार नाही.

म्हणून धोरणाचा विचार करताना काही गोष्टी स्पष्टपणे मागितल्या पाहिजेत. शांतता समित्या बारमाही असाव्यात आणि त्यांचे स्थान पोलीस ठाण्याऐवजी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात असावे. पोलीस तेथे पाहुणे म्हणून यावेत, यजमान म्हणून नव्हे. त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, कारण दंगलीनंतर घर उभे करण्याचे ओझे त्यांच्यावरच पडते. मंडळांतील आणि मोहल्ल्यांतील विशी-पंचविशीतले तरुण असावेत, कारण मिरवणुकीत पुढे तेच असतात. पुण्यात नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करण्याची पद्धत २००६-०७ पासून आहे. तिच्यातून वस्तीच्या सामायिक वाचनालयाला, तालमीला, कलापथकाला पैसा मिळू शकतो. मार्च २०२२ नंतर महापालिका दीर्घकाळ प्रशासकाच्या हाती राहिली. निवडून दिलेला नगरसेवकच नसेल तर वस्तीतल्या तंट्याची पहिली वर्दी कोणाकडे जाणार, याचाही विचार व्हायला हवा. ध्वनिवर्धकाचा नियम मशिदीला, मंदिराला आणि मंडळाला एकच असावा आणि तो सर्वांवर सारख्याच कठोरपणे चालावा. शाळांमधून मुलांना आपल्या वस्तीचा इतिहास शिकवावा. तुकोबांबरोबर ‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद, आणि शिंद्यांबरोबर नालबंद त्यात असावेत.

याहूनही महत्त्वाचे असे की संस्कृतीकडून न्यायाचे काम करून घेऊ नये. ज्या शहरात आडनाव ऐकून घर भाड्याने नाकारले जाते, तेथे इफ्तारच्या मेजवानीने फारसे काही साधत नाही. घरे वेगळी झाली की शाळा वेगळ्या होतात, शाळा वेगळ्या झाल्या की तालमी वेगळ्या होतात, आणि मग दोन समाजांची गाठ फक्त मिरवणुकीच्या कोपऱ्यावर पडते. घर, रोजगार, पोलीस ठाण्यातील वागणूक आणि न्यायालयातील निकाल यांत समान वाट्याची खात्री नसेल, तर एकत्र गायिलेले गीत त्या दिवसापुरतेच राहील.

दरवर्षी आषाढीला देहूहून तुकोबांची पालखी निघते आणि गावाबाहेर अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. तेथे अभंग आणि आरती होते आणि मग ती पुढे चालू लागते. पुण्यात ती नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात उतरते आणि ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या मंदिरात. शहराचा हा पूर्वभाग हिंदू, मुसलमान, दलित, ख्रिस्ती अशा श्रमिकांचा. दोन दिवस तेथील रस्त्यांवर पाणी देणारे हात कोणाचे आहेत, हे वारकरी विचारीत नाही. ते दोन दिवस परंपरेने सांभाळले आहेत आणि पुढेही सांभाळील. प्रश्न वर्षाच्या उरलेल्या तीनशे त्रेसष्ट दिवसांचा आहे. त्यांची काळजी कोणतीही परंपरा घेत नाही; ती संघटनेनेच घ्यावी लागते. पेठेत, मोहल्ल्यात, तालमीत आणि चाळीच्या अंगणात जाऊन बसणारा कार्यकर्ता पुन्हा उभा राहिला, तरच ती घेतली जाईल.